जाहिरातीत एक, मुलाखतीत दुसरंच: एसटीचं तिकीट काढण्याआधी नोकरी कशी पारखावी

बी.कॉम. झाल्यावर माझी पहिली मुलाखत पुण्यात होती. जाहिरात होती 'ऑफिस असिस्टंट, फक्त बसून काम, पगार १२,०००'. बार्शीहून रात्रीच्या एसटीने निघाले, पहाटे स्वारगेटला उतरले, स्टँडवरच तोंड धुऊन कपडे बदलले आणि साडेनऊला त्या ऑफिसात पोचले. रजिस्टरमध्ये माझा नंबर अडतिसावा. मग हातात दोन पानी फॉर्म आला. नाव, पत्ता, शिक्षण, आणि त्याखाली प्रश्न: 'स्वतःची दुचाकी आहे का? लायसन्स नंबर?' मागच्या पानावर वीस रिकाम्या ओळी. 'नातेवाईक व मित्रपरिवार: नाव, व्यवसाय, मोबाइल.'

शेजारच्या मुलीला विचारलं, "बसून काम आहे ना हे?"

"ताई, मी पण तेच वाचून आलेय," ती म्हणाली.

दुपारी अडीचला आत बोलावलं. चार मिनिटांत कळलं की विमा पॉलिसी विकायच्या आहेत आणि पहिले तीन महिने फक्त कमिशन. तोवर मी वीसपैकी सात ओळी भरून दिल्या होत्या. माझ्या मामांना पुढे वर्षभर त्या ऑफिसातून फोन येत होते. त्या सात नंबरांचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे मी स्वतःच भरतीच्या कामात शिरले. आधी एका लहान कन्सल्टन्सीत, मग कंपनीच्या एचआर विभागात. टेबलाच्या त्या बाजूने पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली: त्या दिवशी अडीच वाजता जे कळलं, ते आदल्या दिवशी घरी बसून दोन फोनमध्ये कळलं असतं. ते कसं, हे इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या: जाहिरात चुकीची का असते

प्रत्येक चुकीच्या जाहिरातीमागे लबाडी नसते. पहिला प्रकार निष्काळजीपणाचा. विभागप्रमुख एचआरला सांगतो, 'अकाउंटचा एक मुलगा बघा.' एचआर तीन वर्षांपूर्वीचं कामाचं वर्णन काढतं, तारीख बदलतं आणि पोर्टलवर टाकतं. मुलाखत घेणाऱ्याने ते वाचलेलंच नसतं. तुम्ही टॅलीची (हिशोबाच्या सॉफ्टवेअरची) तयारी करून जाता आणि प्रश्न येतात वसुलीच्या फोनचे.

दुसरा प्रकार जाणूनबुजून गोड करण्याचा. विक्रीच्या कामाला माणसं मिळत नाहीत, म्हणून त्याला 'रिलेशनशिप ऑफिसर', 'बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह' किंवा 'मॅनेजमेंट ट्रेनी' म्हणायचं. यात मध्यस्थाचा हातभार असतो. कन्सल्टन्सीला पैसे उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून मिळतात, बहुतेक वेळा वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. उमेदवार ठरावीक मुदतीत, बहुधा तीन महिन्यांत, सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो. त्यामुळे तुम्ही 'हो' म्हणावं आणि तीन महिने टिकावं, एवढीच त्याची गरज असते. आणि म्हणूनच हेही लक्षात ठेवा: खरी कन्सल्टन्सी कंपनीकडून पैसे घेते, तुमच्याकडून नाही.

तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा. तिथे नोकरीच नसते. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा नावाखाली पैसे उकळायचे असतात.

निष्काळजीपणा असेल तर प्रश्न विचारून काम भागतं, गोड जाहिरातीत लेखी मागावं लागतं, फसवणुकीला मात्र उत्तरसुद्धा देऊ नये.

पायरी १: जाहिरात पेन्सिल घेऊन वाचा

सगळ्यात आधी 'पर्यंत' या शब्दाभोवती गोल काढा. 'पगार ४५,००० पर्यंत' यातला ४५,००० हा आकडा कुणा एकाला कधीतरी मिळालेला असू शकतो. तुमचा आकडा त्या ओळीत नाहीच. '१५,००० ते ४५,०००' असं असेल तर १५,००० धरून चाला, आणि तेही फिक्स आहेत का हे अजून कळायचं आहे.

मग कामाची क्रियापदं शोधा. पदाचं नाव काहीही असू दे. 'भेटणे', 'पाठपुरावा करणे', 'नवीन ग्राहक जोडणे', 'लीड' (संभाव्य ग्राहक) असे शब्द असतील तर ती विक्री आहे. विक्रीचं काम वाईट नाही, मी त्यात उत्तम कमावणारी माणसं पाहिली आहेत. पण ते विक्रीचं आहे हे माहीत असूनच जायला हवं. 'स्वतःची बाइक असल्यास प्राधान्य' म्हणजे काम रस्त्यावरचं.

'नामांकित कंपनीत भरती' आणि खाली फक्त मोबाइल नंबर असेल तर नाव का लपवलं हा पहिला प्रश्न. चाकण, रांजणगाव, वाळूज पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मोठ्या कारखान्याचं नाव ठळक असतं आणि भरती असते कंत्राटदाराची. काम त्याच गेटच्या आत असतं हे खरं, पण पगार, पीएफ, रजा आणि काढून टाकण्याचा अधिकार कंत्राटदाराकडे असतो. शिवाय तिथे सांगितलेला पगार आठ तासांचा की बारा तासांचा, हे तपासा. कारखान्यात ठरलेल्या वेळेपेक्षा जादा काम केलं तर कायद्याने दुप्पट दराने मोबदला मिळायला हवा. 'ओटी (ओव्हरटाइम) धरून २२,०००' असं कुणी म्हणालं की आठ तासांचा आकडा वेगळा विचारा.

'मुले-मुली पाहिजेत, शिक्षणाची अट नाही, राहणे-जेवण मोफत, त्वरित जॉइनिंग' ही जाहिरात दिसली तर फार सावध व्हा. यातल्या कितीतरी ठिकाणी नेऊन सामान विकत घ्यायला लावतात आणि मग आणखी माणसं जोडायला सांगतात.

घरबसल्या डेटा एंट्रीचं एक खास जाळं आहे. आधी थोडे पैसे घेऊन 'करार' करतात, मग तुमच्या कामात चुका काढतात आणि वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून हजारो रुपये मागतात. घाबरून पैसे भरणारी सुशिक्षित माणसं मला माहीत आहेत. अशा नोटिशीला घाबरून एक रुपयाही देऊ नका. ती वकिलाला दाखवा आणि शेवटी सांगितलंय तशी तक्रार करा.

पायरी २: अर्ध्या तासात कंपनी तपासा

नाव मिळालं की तीन ठिकाणी बघा. हे सगळं फुकट आहे आणि मोबाइलवर होतं.

केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा 'मास्टर डेटा' मिळतो. स्थापना कधीची, नोंदणीकृत पत्ता कुठला, भांडवल किती, कंपनी 'ॲक्टिव्ह' आहे की 'स्ट्राइक ऑफ' (नोंदणीतून काढलेली), हे तिथे दिसतं. 'पंधरा वर्षांची परंपरा' सांगणारी कंपनी गेल्या दिवाळीत नोंदलेली निघाली तर काय समजायचं ते समजा. प्रोप्रायटरशिप (एकाच मालकाचा व्यवसाय) किंवा भागीदारी फर्म तिथे सापडणार नाही. तिच्यासाठी जीएसटी पोर्टलवर करदात्याचा शोध घ्या. अगदी लहान व्यवसायाला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे तिथे नाव नाही म्हणजे ती खोटी असं लगेच धरू नका.

तिसरं ठिकाण फार कमी जणांना माहीत आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं तेच. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिने कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला, किती रक्कम भरली आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरली, हे दिसतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. 'आमच्याकडे दोनशे जणांची टीम आहे' म्हणणारी कंपनी अकरा जणांचा पीएफ भरत असेल, तर उरलेले सगळे कुणाच्या पेरोलवर (पगारपत्रकावर) आहेत हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यासारखा आहे. पीएफ दर महिन्याला उशिरा भरला जात असेल, तर पगारही उशिरा होत असण्याची शक्यता धरा.

ईमेलचा पत्ताही बघा. लहान दुकानदार जीमेल वापरतो, त्यात काही वावगं नाही. पण मोठ्या आयटी कंपनीच्या नावाने जीमेलवरून ऑफर आली तर त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे खात्री करा, आलेल्या मेलमधल्या नंबरवर नाही.

परदेशातली नोकरी असेल तर ई-मायग्रेट पोर्टलवर एजंट नोंदणीकृत आहे का ते आधी पाहा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. 'आत्ता टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये चांगल्या पगाराच्या ऑफिस कामाला म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली आहेत.

पायरी ३: निघण्याआधी फोन करा

ही पायरी सोडू नका. गावाकडून आलेली मुलं मला सांगतात, "आधीच इतकं विचारलं तर त्यांना राग येईल, चान्स जाईल." मी भरतीत असताना असे फोन यायचे, आणि अशा उमेदवाराचं नाव मी उलट लक्षात ठेवायचे, कारण तो आला तर विचार करून आलेला असायचा. ज्याला तुमच्या साध्या प्रश्नाचा राग येतो, त्याने उत्तर दिलंच आहे.

सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान फोन करा. सुरुवात साधी: "नमस्कार, परवाच्या मुलाखतीसाठी मी सोलापूरहून येणार आहे. यायच्या आधी दोन-तीन गोष्टी विचारून घेऊ का?" मग:

- पगार कंपनीच्या पेरोलवर की एजन्सीच्या?
- कामाची जागा कुठली? मुलाखत शिवाजीनगरला असते आणि काम निघतं शिक्रापूरला.
- दिवसातले किती तास ऑफिसात, किती बाहेर?
- ज्या महिन्यात टार्गेट अजिबात पूर्ण होणार नाही, त्या महिन्यात माझ्या खात्यात किती जमा होतील?
- मुलाखत कोण घेणार, किती फेऱ्या, त्याच दिवशी होतील का?

यातला चौथा प्रश्न सोन्यासारखा आहे. 'टार्गेट आहे का' विचारलं तर "अहो, अगदी सोपं आहे, सगळे करतात" असं ऐकायला मिळतं. 'शून्य झालं तर किती' विचारलं की आकडाच सांगावा लागतो. आकडा टाळून "तुम्ही या तर, समोरासमोर बोलू" आलं, तर जाऊ नका.

फोन झाल्यावर त्याच नंबरवर व्हॉट्सॲप टाका: 'आज फोनवर बोलल्याप्रमाणे पद अकाउंट्स असिस्टंट, जागा भोसरी, फिक्स पगार १६,०००, कंपनी पेरोल. परवा ११ वाजता येते.' समोरून नुसतं 'ओके' आलं तरी पुरे. पुढे कुणी शब्द फिरवला तर हाच मेसेज उपयोगी पडतो.

पायरी ४: पॅकेजमधून हातात किती

'तीन लाखांचं पॅकेज' ऐकलं की घरी पेढे वाटले जातात आणि पहिल्या पगाराला रडू येतं. एक हिशोब मांडून दाखवते. रचना कंपनीगणिक बदलते, पण पद्धत हीच.

वर्षाला ३,००,००० म्हणजे महिन्याला २५,०००. त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,५०० धरू. कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,५०० रुपये याच पॅकेजमध्ये मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ६०१ रुपयेही यातच. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, ज्याला व्हेरिएबल म्हणतात, समजा २,५०० रुपये. राहिले २०,३९९. मासिक वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते. तिचा कंपनीचा ३.२५ टक्के वाटा वजा केला की तुमचं ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, सुमारे १९,७५० वर येतं. आता तुमच्या बाजूची कपात: पीएफ १,५००, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे साधारण १५०, महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात येतात सुमारे १७,९०० रुपये. २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना राज्यात व्यवसाय कर माफ आहे, म्हणून मुलीच्या हातात दोनशे जास्त.

पीएफचे पैसे बुडालेले नसतात, ते तुमचेच आहेत. पण कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे त्या १७,९०० मधूनच भरायचे आहेत. म्हणून मुलाखतीत 'पॅकेज किती' असं न विचारता "मला पगाराची विभागणी लेखी मिळेल का?" असं विचारा.

पायरी ५: मुलाखतीच्या दिवशी

जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तो व्हॉट्सॲप मेसेज जवळ ठेवा. थोडं लवकर पोचा आणि आत शिरण्याआधी बाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा. कारखाना असेल तर शिफ्ट सुटतानाची वेळ साधा. "दादा, इथे पगार वेळेवर होतो का?" या प्रश्नाला गेटवर खरं उत्तर मिळतं, ते तुम्हाला वरच्या मजल्यावर मिळणार नाही.

आत गेल्यावर फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच भरायला घ्या. जाहिरातीत लपवलेलं काम फॉर्ममध्ये दिसतं. नातेवाइकांचे नंबर देऊ नका. आधार आणि पॅनची प्रत मुलाखतीच्या टप्प्यावर द्यायची गरज नसते. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका, अगदी 'दोन दिवसांत परत देतो' म्हणाले तरी.

मुलाखत घेणारा तुमचा बायोडेटा समोरच पहिल्यांदा वाचत असेल तर खचू नका. तो तुमचा अपमान नाही, त्याच्या ऑफिसातला ढिसाळपणा आहे. स्वतःहून दोन वाक्यांत सांगा की तुम्ही कोणत्या पदासाठी आला आहात आणि त्यातलं काय येतं.

बोलणं संपत आलं की 'तुम्हाला काही विचारायचं आहे का' असं विचारतात. तेव्हा हे विचारा: "सध्या हे काम जे करतात, त्यांचा कालचा दिवस कसा गेला असेल, सांगाल का?" कामाचं वर्णन पाठ करून सांगता येतं, कालचा दिवस नाही. उत्तरात 'सकाळी दहाला मीटिंग, मग मार्केटला' आलं की बसून काम संपलं. सोबत "ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलं?" हेही विचारा. वर्षात तिघं सोडून गेले असतील तर कारण जाणून घ्या.

पद बदलून दुसरंच समोर ठेवलं तर आवाज न चढवता म्हणा, "सर, मी अकाउंट्ससाठी आले होते. या पदाची माहिती आणि पगार मेलवर पाठवा, घरी बोलून दोन दिवसांत कळवते." त्याच दिवशी सही नाही, 'आजच फॉर्म भरला तरच' म्हणाले तर मुळीच नाही.

मुलींना लग्नाचं विचारतात. वेतन संहिता भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करते, तरी विचारतात. भांडायचं की नाही हे तुमच्यावर आहे. मी मुलींना असं उत्तर सुचवते: "कामाच्या वेळेबद्दल विचारत असाल, तर मी सकाळच्या शिफ्टला वेळेवर येऊ शकते." प्रश्न परत कामावर येतो.

लेखन, डिझाइन, प्रोग्रॅमिंगच्या जागांसाठी 'असाइनमेंट' देतात. दोन-तीन तासांत होईल एवढं करावं. त्यांच्या चालू ग्राहकाचं आठवडाभराचं काम असेल तर मानधन विचारावं.

पायरी ६: 'कळवतो' नंतर

बहुतेक ठिकाणी कळवत नाहीत. कारणं बऱ्याचदा तुमच्याशी संबंधित नसतात: जागाच गोठवली, आतल्याच कुणाला दिली, बजेट अडकलं. मी स्वतः असे कितीतरी उमेदवार न कळवता सोडले आहेत, आणि ते चूक होतं. तुम्ही पाचव्या कामाच्या दिवशी एक मेल करा, आठवड्याने दुसरा, आणि मग विषय सोडा. तोवर पुढचे अर्ज थांबवू नका.

पायरी ७: ऑफर लेटर

पदाचं नाव, कामाची जागा, फिक्स पगार, प्रोबेशन (सुरुवातीचा चाचणीचा काळ), नोटिशीचा काळ, बाँड (ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार), एवढं शोधा. 'कंपनीच्या गरजेनुसार कोठेही बदली' हे वाक्य असेल तर सध्याची जागा नावानिशी लिहून मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कामगारांना लेखी नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे 'आमच्याकडे तोंडीच असतं' हे चालणार नाही.

बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो, असं मुलं एकमेकांना सांगतात. ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं नोकरीचा, आधी सोडल्यास दोन लाख रुपये भरायचा करार वैध ठरवला. तेव्हा रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा. कोरा चेक तर कुणालाही देऊ नका. तो वटला नाही तर फौजदारी खटला तुमच्यावर होऊ शकतो.

रुजू झाल्यावर काम वेगळं निघालं तर

पहिले पंधरा दिवस रोज रात्री दोन ओळी लिहा: आज काय काम सांगितलं, किती वाजता सुटलो. मग वरिष्ठांना आणि एचआरला एकत्र मेल करा, ऑफर लेटरमधली ओळ आणि प्रत्यक्षातलं काम शेजारी शेजारी मांडून. सूर तक्रारीचा नको, विचारणेचा ठेवा. सुधारणा झाली नाही तर प्रोबेशनमधला कमी नोटिशीचा काळ वापरून लेखी राजीनामा द्या. न सांगता जाणं बंद करू नका, त्याने रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) आणि पगार दोन्ही अडकतात. वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं व्हायला हवं. ते अडवलं तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात ऑफर लेटर, हजेरीचा पुरावा आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन अर्ज करा.

पैसे गेले असतील तर

लाजून गप्प बसू नका आणि वेळ घालवू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर पैसे गेले तो तपशील हाताशी ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याच्या प्रोफाइलचे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या. पोलीस ठाण्यात जाताना हे सगळं छापून दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोचेचा शिक्का घेऊनच बाहेर पडा.